तीन शाळा, एक कान

मिल्बर्न
११ एप्रिल

लिआना,

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांनंतर तीन ओळी, आणि वर मायना काय, तर 'मिसेस कॉडिल'. विजेची कंपनीसुद्धा मला यापेक्षा जिव्हाळ्याने लिहिते. लग्न झालं तेव्हा तू मला 'आई' म्हणायचीस. मला ते फारसं आवडायचं नाही, पण सवय झाली होती.

असो. तुला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, उन्हाळ्यात तू परत येणार, आणि हॅटीला कुठल्या शाळेत घालायचं ते तुला ठरवायचंय. मला का विचारतेस, तेही लिहायला विसरली नाहीस: "तुम्हाला शाळांमधलं कळतं म्हणून." म्हणजे बाकी कशातलं कळत नाही. ठीक आहे. या स्टॅम्पर काउंटीतल्या पोरांच्या डोक्यात मी तीस वर्षं बीजगणित कोंबलं. त्यातली निम्मी आता शाळा चालवतात. त्यावरून शाळांची काय अवस्था असेल, याचा अंदाज तूच कर.

इंटरनेटवर शाळांना तारे दिलेत म्हणे. मिल्बर्नला पाच, सेंट्रलला चार, लॉरेल फोर्कला एक. तारे हॉटेलांना देतात, जिथे माणसं दोन रात्री झोपून निघून जातात. हे तारे कोणी वाटले? लेक्सिंग्टन शहरात गार खोलीत बसलेल्या कुठल्यातरी पोराने, ज्याच्या गाडीने आमचा एक घाट चढलेला नाही. आणि तू, शिकलीसवरलेली बाई, ते तारे चिठ्ठीत उतरवून मला पाठवतेस.

शेवटी लिहितेस, "हॅटीला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे लक्षात असू द्या." मी विसरले असेन असं तुला वाटतं? ट्रक ओढ्यात गेला त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर मी तुझ्या शेजारीच बसले होते. जो पिऊन तो ट्रक चालवत होता, तो माझाच मुलगा लोवेल. ज्या डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की पोर वाचली पण कान गेला, तो माझा विद्यार्थी. असल्या गोष्टी मी विसरत नसते.

लोवेलबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. तो मिल्बर्नमध्ये राहत नाही, एवढं तुला पुरे.

सेंट्रल आणि मिल्बर्न मी स्वतः जाऊन बघते. लॉरेल फोर्क बघायची गरज नाही. फुटका रस्ता, गळकं छप्पर आणि डोंगरातली पोरं. तिच्यावर वेळ घालवू नकोस.

इमोजीन कॉडिल


२४ एप्रिल

लिआना,

सेंट्रल बघून आले.

कोळशाच्या कंपनीने डोंगराचं डोकं उडवून जी सपाट जागा मागे ठेवली, तिच्यावर ही शाळा बांधलीय. तू गेलीस तेव्हा तिथे नुसती धूळ उडत होती. आता काचेचं दार आहे. दारातल्या पोरीने माझ्या छातीवर 'पाहुणी' असा कागद चिकटवला आणि त्यावर माझं आडनाव चुकीचं लिहिलं. ती नववीत माझ्याकडे होती. तेव्हाही तिचं लिहिणं असंच होतं.

मुख्याध्यापक ब्रेंट लायकिन्स. हा आधी बास्केटबॉलचा कोच होता. संघ एक वर्ष राज्याच्या सामन्यांपर्यंत पोचला, तेव्हा बक्षीस म्हणून त्याला अख्खी शाळा दिली.

"मिसेस कॉडिल! काय आमचं भाग्य!"

"भाग्य राहू दे ब्रेंट. चौथीचा वर्ग दाखव."

"दाखवतो ना. आधी जिम तर बघा!"

जिम बघितली. जमीन अशी चकाकत होती की तिच्यात मला माझे पाय दिसले, आणि माझ्या वयात ते बघावेसे वाटत नाहीत. स्कोअरबोर्ड माझ्या घराच्या भिंतीएवढा. मग ग्रंथालय बघितलं. त्याला खिडकी नाही आणि दोन कपाटांत चषक ठेवलेत.

मी घरून निघताना कापूस घेतला होता. चौथीच्या वर्गात सगळ्यांत मागे, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि उजव्या कानात कापूस घट्ट कोंबला. तारे मोजण्यापेक्षा मला हे बरं वाटलं.

वर्ग म्हणते, पण भिंती नाहीत. कमरेएवढ्या उंचीचे आडोसे आहेत. 'मोकळं वातावरण' म्हणतात त्याला. माझ्या डावीकडच्या आडोशामागे दुसरीची पोरं महिन्यांची नावं गात होती. उजवीकडे पाचवीला सिनेमा लावून दिला होता, ते तर मला दिसलं म्हणून कळलं. वर पंखे घरघरत होते. बाई तरुण होत्या, उत्साही होत्या, बोलत बोलत वर्गभर भटकत होत्या. त्या पाठमोऱ्या झाल्या की माझ्या वाट्याला नुसती भुणभुण.

शेजारच्या पोरीने विचारलं, "तुमचा कान दुखतोय का?"

"नाही. मी तुझी शाळा तपासतेय."

"मग बाई आत्ता काय म्हणाल्या ते सांगा ना. मला पण नाही ऐकू आलं."

तिचे दोन्ही कान धडधाकट होते.

ब्रेंटला म्हटलं, एका कानाने ऐकणाऱ्या मुलीचं इथे काय होणार? त्याने फुशारकीने कपाट उघडून दाखवलं. बाईंनी गळ्यात माइक घालायचा आणि पोरीच्या बाकापाशी छोटा स्पीकर ठेवायचा, अशी यंत्रं सरकारने पाठवलीत. खोकी उघडलेलीसुद्धा नाहीत.

"ट्रेनिंग व्हायचंय अजून," म्हणाला.

"स्कोअरबोर्डाचं ट्रेनिंग झालं का रे?"

"हो, हो! पहिल्याच आठवड्यात!"

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. वर्गातही सगळं असंच डोक्यावरून जायचं त्याच्या.

सेंट्रल नाही. आता मिल्बर्न.

इमोजीन


३ मे

लिआना,

हॅटी चौथीत जाईल ना? की तिसरीतच ठेवलीस? गणितात कशी आहे, ते तू एका शब्दाने लिहिलं नाहीस. अपूर्णांक येतात का? येत नसतील तर तसं सांग. लपवू नकोस, मला कळतंच.

मिल्बर्नबद्दल मला आशा होती, हे कबूल करते. कोर्टाच्या मागची ही विटांची इमारत तुलाही आठवत असेल. वकिलांची, डॉक्टरांची, फोर्ड गाड्या विकणाऱ्याची पोरं इथे येतात. मुख्याध्यापिका शार्लट आयसन. केसांचा रंग दरवर्षी वेगळा, विचार मात्र एकही नाही. दारात मला मिठी मारली. मी तिला मिठी मारायला सांगितलं नव्हतं.

पण वर्ग चांगला निघाला. जाड भिंती, बंद दार, बाई एका जागी उभ्या राहून बोलतात. कानात कापूस घालून मागे बसले आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. नद्यांचा धडा होता आणि ओहायो नदीबद्दल बाईंनी जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. मी तर मनात हॅटीला खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसवूनसुद्धा टाकलं होतं.

बाहेर आल्यावर शार्लटला सांगितलं, मुलगी नऊ वर्षांची आहे, एक कान गेलाय.

"अगं बाई गं, बिचारी!" शार्लटने हात छातीशी नेला. "काही काळजी करू नका. तिच्यासाठी आपली इंद्रधनुष्य खोली आहे ना!"

इंद्रधनुष्य तळघरात असतं, हे मला त्या दिवशी समजलं. बॉयलरच्या शेजारी एक खोली, भिंतीवर सात रंग फासलेले. आत कोण, तर एक तोतरं बोलणारा मुलगा, एक पायाला पट्टे बांधलेली मुलगी, एक मारकुटा, दोन भाऊ ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात, आणि आणखी काहीजण. त्यांचं एकमेकांशी काहीही जुळत नाही. जुळतं ते एवढंच, की शार्लटला ते वरच्या मजल्यावर नकोत. पट्टेवाली मुलगी दहा वर्षांची आहे. ती बदकाच्या चित्रात पिवळा रंग भरत होती.

"ही काय शिकते?" मी विचारलं.

"इथे मुलं फार आनंदात असतात हो."

"आनंदाचं नाही विचारलं मी. भागाकार येतो का तिला?"

"आम्ही त्यांना ताण देत नाही." शार्लट गोड हसली. "राज्याची परीक्षा असते ना, त्या दिवशीसुद्धा त्यांना छान सहलीला नेतो."

झालं. पाच तारे कुठून येतात, ते मला तिथल्या तिथे कळलं. ज्या पोरांमुळे एखादा तारा गळला असता, ती त्या दिवशी मत्स्यालय बघत असतात.

मी त्या मुलीच्या शेजारी बसले आणि बदकाच्या पोटावर भागाकार मांडून दिला. तिला तो यायला फार वेळ लागला नाही. शार्लट घड्याळ बघत उभी होती.

थोडक्यात सांगते. सेंट्रलमध्ये हॅटीला ऐकू येणार नाही, आणि मिल्बर्नमध्ये तिला कोणी काही ऐकवणार नाही. निवड तुझी. मी असते तर दोन्ही शाळांना कुलूप घातलं असतं.

इमोजीन


१४ मे

लिआना,

"मग लॉरेल फोर्क का नाही?" हे तुझं एका वाक्याचं पत्र. असं सरळ विचारायची तुझी सवय मला आधीपासून आवडत नाही.

बरं. गेले एकदाची. ओढ्याच्या कडेने वर जाणारा रस्ता अजून तसाच आहे. माझ्या गाडीचा खालचा पत्रा दोनदा घासला. शाळा दगडी, बुटकी, एका बाजूने थोडी खचलेली. छप्पर गळतं, हे मी न बघता लिहिलं होतं आणि ते खरं निघालं: व्हरांड्यात बादली ठेवलीय. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आणि त्यात कोणीतरी दान दिलेल्या कादंबऱ्या. मी एक चाळून परत ठेवली. त्या वयाच्या पोरांच्या हाती पडू नये अशीच होती. सगळी शाळा मिळून पन्नासएक पोरं, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत.

शिकवतो कोण, तर डस्टिन फ्यूगेट. मुख्याध्यापकही तोच. मानेवर गोंदवलेला साप आहे. बीजगणिताच्या पेपरात मी त्याला कॉपी करताना पकडलं होतं आणि नापास केलं होतं. मला बघून त्याचा चेहरा आजही तसाच पडला.

"मिसेस कॉडिल, माझं काही चुकलं का?"

"अजून नाही. शिकव तू."

कापूस घातला, मागे बसले. आता नीट ऐक, कारण मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही. मला सगळं ऐकू आलं. छत खाली आहे, जमीन लाकडी आहे, खोली लहान आहे, हे एक कारण. दुसरं कारण तो साप गोंदवलेला माणूस. फळ्यावर लिहिताना तो बोलत नाही. लिहून झालं की वळतो, पोरांकडे तोंड करतो आणि मग बोलतो. कोणी मागून काही विचारलं, की तो प्रश्न स्वतः मोठ्याने परत म्हणतो आणि मग उत्तर देतो. नंतर मी विचारलं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलास?

"ट्रेनिंग कसलं हो. आजोबांनी मला वाढवलं. खाणीत स्फोटांनी त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी पाठ करून बोललं की टोपी फेकून मारायचे."

अपूर्णांक चालले होते. स्वयंपाकघरातून मक्याच्या ब्रेडचं गरम पातेलं आलं, फ्यूगेटने ते सुरीने कापलं, आणि ज्याने उत्तर बरोबर दिलं त्याने तेवढा वाटा खाल्ला. चुकणाऱ्याला शेजाऱ्याने समजावून सांगायचं आणि मग दोघांनी खायचं. फळ्यावर 'छेद' हा शब्द त्याने चुकीचा लिहिला होता, तो मी जाताना दुरुस्त केला. पण तिथल्या पाचवीतल्या पोरांना जे येतं, ते सेंट्रलच्या पोरांना सातवीत येत नाही. एक तारा का, तर जानेवारीत रस्ता वाहून जातो, पोरं येऊ शकत नाहीत, आणि त्यांची गैरहजेरी शाळेच्या माथी मारतात.

मला डोंगरातली माणसं आवडत नाहीत, फ्यूगेट आवडत नाही, तो साप तर मुळीच आवडत नाही. पण हॅटी माझ्या ताब्यात असती, तर मी तिला तिथे घातलं असतं.

इमोजीन

पाकीट चिकटवलं होतं, ते केटलीच्या वाफेवर धरून उघडलं. ही शाळा मी का टाळत होते, ते तुला कळायला हवं. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर तू मला खोटारडी म्हणशील आणि ते बरोबर असेल.

ते ब्रेडचं पातेलं ज्याने आणलं, तो लोवेल. तुरुंगातून सुटल्यापासून तो लॉरेल फोर्कच्या शाळेत स्वयंपाक करतो. चर्चच्या मागे पत्र्याच्या घरात एकटा राहतो. पीत नाही. हे तो सांगतो म्हणून लिहीत नाहीये. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी अधूनमधून न सांगता जाते, त्याचं घर हुंगते, कपाटं उघडते. तो दारात उभा राहून बघत असतो.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले.

"आई? तू इथे कशी?"

"शाळा बघायला."

"कोणासाठी?"

त्याने डाव खाली ठेवला, एप्रनला हात पुसले, मग परत पुसले.

"केवढी झालीय गं ती?"

"मला काय विचारतोस? मला तरी कुठे दाखवलीय कोणी."


२ जून

लिआना,

तुझं उत्तर आलं. "मग सेंट्रल. विषय संपला."

छान. मुलीला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी पाठव, कारण जिथे ऐकू येईल तिथे तो घेवडा शिजवतो. तुझा राग मला समजत नाही असं समजू नकोस. तो माझ्याकडेही आहे, आणि माझा जास्त मुरलेला आहे. लोवेल तुझा पूर्वीचा नवरा आहे. माझा मात्र तो कायमचा मुलगा आहे. मला त्याच्यापासून सुटका नाही. पण राग तुझा, आणि मागच्या बाकावर बसून काहीच न कळणारी ती. हे गणित मला कुठल्याच रीतीने सुटत नाही.

तुझं पत्र मी लोवेलला वाचून दाखवलं. त्याला वाईट वाटावं म्हणूनच दाखवलं. तो भांडी घासत होता. नळ बंद केला आणि म्हणाला, "मी सोडतो नोकरी."

"काय?"

"मी नसलो तर ती इथे पाठवेल ना? मग मी जातो. पलीकडच्या काउंटीत लाकडाच्या गिरणीत माणसं घेतायत."

"तिथल्या माणसांना ओळखतोस का तू? शुक्रवारी पगार झाला की संध्याकाळी काय करतात ती, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तू जाणार?"

"आई, त्या पोरीला मी दुसरं काय देऊ शकतो, सांग. कान तर परत देता येत नाही."

मी त्याला मूर्ख म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात त्याने शाळा पुरी केली नाही, संसार पुरा केला नाही, आणि पहिल्यांदाच एक काम नीट धरून ठेवलं होतं. पोरं त्याच्या हातचं दुसऱ्यांदा मागून खातात. हा त्याग वगैरे आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्हा दोघांना एकच कला येते, निघून जायची. तू गेलीस तेव्हा मला हॅटीचा हातसुद्धा हातात घेऊ दिला नाहीस. आता हा चाललाय.

त्याने फ्यूगेटकडे राजीनामा दिलाय. उन्हाळा संपला की जाणार. तेव्हा तुझी वाट मोकळी आहे. मी तुझ्याकडे काही मागत नाही. मला मागता येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही.

इमोजीन


२० जुलै

लिआना,

तू मिल्बर्नला येऊन राहिलीस, हे मला पोस्टातल्या बाईकडून कळलं. माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे घर घेतलंस आणि मला कळवलं नाहीस. समोरासमोर आलो तर आपण भांडू, म्हणून मीही पत्रच लिहितेय.

लॉरेल फोर्कला जाऊन आलीस तेही मला फ्यूगेटने सांगितलं. तो बिचारा सुट्टीत बाकं रंगवत होता. म्हणाला, "एक बाई आल्या, नाव सांगितलं नाही, मागच्या बाकावर बसल्या, एक कान हाताने दाबून धरला आणि म्हणाल्या, काहीतरी शिकवा. समोर एकही पोर नाही! मी आपला पावसाचं चक्र शिकवलं. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत कोणाला तरी." मी म्हटलं, मी नाही पाठवलं, ती स्वतःच तशी आहे.

मग तू स्वयंपाकघर कुठे आहे, ते विचारलंस. लोवेल आत होता, शेगडी घासत होता. फ्यूगेट म्हणतो, भांडणाचा आवाज आला नाही, रडण्याचा आला नाही, एकदा फक्त काहीतरी मोठं भांडं खाली पडलं. तू बाहेर आलीस ती सरळ गाडीत बसलीस.

मी लोवेलला विचारलं. त्याच्याकडून बोलणं काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

"काय म्हणाली?"

"नोकरी सोडू नकोस म्हणाली."

"आणि?"

"काउंटरच्या बाहेर यायचं नाही. तू कोण आहेस ते हॅटीला सांगायचं नाही. मी ठरवीन तेव्हा मी सांगेन. आणि एक दिवस जरी तोंडाला वास आला, तरी त्याच दिवशी चालतं व्हायचं."

"मग तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"एवढंच? सहा वर्षांनी बायको समोर आली, आणि तू 'बरं' म्हणालास?"

"ती विचारायला आली नव्हती, आई. सांगायला आली होती."

तुझ्या अटी मला पटल्या. मी असते तर चौथी घातली असती: त्याने केस कापावेत. तुला वाटत असेल की मी तुझे आभार मानीन. मानणार नाही. मुलीला चांगल्या शाळेत घालणं हे आईचं कामच आहे, त्यात टाळ्या कसल्या?

गुरुवारी तुला हॉस्पिटलात उशीर होतो, म्हणून शाळेची बस हॅटीला माझ्याकडे सोडेल का, असं तू फ्यूगेटमार्फत विचारलंस. माझं घर म्हणजे पाळणाघर नाही. गुरुवारी चालेल.

इमोजीन


७ सप्टेंबर

लिआना,

हॅटी काल आली होती, ते तुला माहीतच आहे. तुला ती काय सांगते मला ठाऊक नाही, म्हणून झालं ते लिहिते.

आधी मुलीबद्दल. चालताना पाय घासते. तुझ्यासारखी हनुवटी वर करून बोलते. अपूर्णांक येतात, पण उत्तर लहान करून लिहायचा आळस करते, फ्यूगेटला सांगितलंय. बोलणारा उजवीकडे आला, की मान न वळवता खुर्चीच वळवते. माझ्याकडे तिने स्वयंपाकघरातली खुर्ची इतकी फिरवली, की फरशीवर ओरखडे पडलेत. पडू देत.

मी तिला सफरचंदाचा केक कापून देत होते. ती शाळेतल्या सगळ्यांची नक्कल करून दाखवत होती. फ्यूगेटची छान केली. मग म्हणाली, "आजी, आमच्या शाळेतला स्वयंपाकी विचित्र आहे."

"म्हणजे काय?"

"सगळी मुलं म्हणतात, आधी जेवणाची रांग खिडकीच्या बाजूने यायची आणि दाराने बाहेर जायची. शाळा सुरू व्हायच्या आधी त्याने सगळी टेबलं उचलून उलट्या दिशेने लावली. एकट्यानेच. आता रांग दाराकडून येते. सगळे चिडलेत, कारण दारात थंडी वाजणार."

"का केलं म्हणे असं?"

"सर त्याला विचारत होते, तर म्हणाला, भांडी धुवायची जागा जवळ पडते. पण तसं नाहीये काही. जागा लांब पडते उलट. मी मोजलं पावलांनी."

ती खात होती. मी सुरी धरून उभी होते.

"पण मला बरं आहे," ती म्हणाली. "सेंट लुइसला माझ्या आधीच्या शाळेत जेवण वाढणाऱ्या बाई नेहमी या बाजूला यायच्या." तिने उजव्या कानावर बोट ठेवलं. "मला ऐकूच यायचं नाही काय विचारतायत ते. मी नुसतं हो म्हणायचे. मग मला रोज पालक. इथे रांगेत तो बरोबर डाव्या बाजूला येतो. तो हळू बोलतो, तरी ऐकू येतं. म्हणाला, घेवडा हवा की बटाटे? मी म्हटलं, दोन्ही. तर त्याने दोन्ही दिलं."

मग तिने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"आजी, मी तर तेव्हा शाळेत आलेसुद्धा नव्हते. माझा कुठला कान चालतो, हे त्याला कसं कळलं?"

लिआना, सरकारी तपासनीसांना मी गप्प केलंय. शार्लटला मी सगळ्यांसमोर रडवलंय. काल मी त्या पोरीला केकचा दुसरा तुकडा वाढला.

मी काहीही सांगू शकले असते. फ्यूगेटने सांगितलं असेल. तुझ्या फॉर्मवर लिहिलेलं असेल. ती नऊ वर्षांची आहे, तिने ऐकून घेतलं असतं. पण जिने भांड्यांच्या जागेपर्यंतची पावलं मोजली, तिला मी खोटं सांगणार नाही. आणि खरं सांगायचा हक्क तू स्वतःकडे ठेवलायस. तो मी मोडला नाही, हे ध्यानात घे. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल, ते तुला ठाऊक आहे.

मी तिला म्हटलं, "हे तू तुझ्या आईला विचार."

"तिला माहीत आहे?"

"आहे."

मग म्हणाली, "ती सांगेल?"

"तू नीट विचारलंस तर सांगेल," मी म्हटलं. तुझ्या वतीने मी शब्द देऊन बसलेय. तुला राग येऊ दे.

तू तिला न्यायला आलीस, तेव्हा ती गाडीत मागे बसायच्या ऐवजी तुझ्या शेजारी, उजवीकडच्या सीटवर बसली. तू डावीकडे बसून चालवत होतीस. म्हणजे तिचा चांगला कान तुझ्याकडे होता.

इमोजीन